लांब रंध्याची दोरी

येलहंका, ४ जानेवारी २०२४

ती. श्यामलाक्कास,
योगीराजचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, म्हणून हा कागद. परवा इथल्या शिवाजीनगरच्या जुन्या बाजारात शिसवी मुठीची पटाशी मिळाली. दुकानदार सोडेना, दोन कॉफ्या पाजल्या तेव्हा ‘सरी, घेऊन जा’ म्हणाला. आता भिंतीवर एकसष्ट जुनी हत्यारं झाली. लोक बघायला येतात आणि विचारतात, यात तुमच्या वडिलांचं कुठलं? खंडोजी सुतारांच्या मुलाकडे त्यांचं एकही हत्यार नाही! अप्पांनी लांब रंधा तुला दिला, याचं अजून वाईट वाटतं. वाईट कसलं, जळतो मी. पुढच्या महिन्यात आपल्या मंडळाच्या हॉलमध्ये माझ्या संग्रहाचं प्रदर्शन आहे, तेवढ्यापुरता दे.

लोभ आहेच, त्यात रंध्याची भर घालावी.
तुझा धाकटा,
योगीराज

जयनगर, १२ जानेवारी

चि. योगीराजास अनेक आशीर्वाद.

जळतोस ते ठाऊक होतंच. तुझी ती भिंत पाहिली की माझ्याही पोटात दुखतं, तेही ऐक. मी अप्पांबरोबर भुशात माखत होते, तेव्हा तू इस्त्रीची चड्डी घालून शाळेत जायचास. तुझी प्रगतिपुस्तकं अप्पा गिऱ्हाइकांना दाखवायचे. आणि आज सुताराचा वारस म्हणून पेपरात फोटोही तुझाच. तुला खिळा सरळ ठोकता येत नाही, हे पेपरवाल्यांना कोण सांगणार?

रंधा आमच्या वादिराजबरोबर पाठवते. त्याला पॉलिश लावू नकोस. आहे तसा परत दे, मोरीचं दार अडतंय.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
अक्का

जयनगर, १९ फेब्रुवारी

चि. योगीराजास आशीर्वाद, आज जरा हात आखडूनच.

काल प्रदर्शन पाहिलं आणि तुला न भेटता निघाले, कारण लोकांसमोर रडायचं नव्हतं. रंधा चकचकीत, आणि पुढच्या टोकाचं आरपार भोक भुसा-सरस भरून बुजवलेलं! वादिराज म्हणाला, मामाला किडीचं भोक वाटलं असेल. अरे, त्यात दोरी असायची. सागाची जाड फळी एकट्याने तासवत नाही. अप्पा मागून ढकलायचे आणि मी पुढून दोरी ओढायचे. सात वर्षं ओढली. शाळा सुटली ती त्या दोरीपायी, तरी ती मला प्यारी होती, कारण तेवढा वेळ अप्पा माझे एकटीचे असायचे. तेवढी एकच खूण उरली होती. एकसष्ट हत्यारं जमवणाऱ्याला एवढं कळू नये?

रंधा पाठवून दे. तू येऊ नकोस.
अक्का

येलहंका, २५ फेब्रुवारी

ती. अक्कास पाय धरून नमस्कार.

किडीचं वाटलं, असं लिहून सुटता आलं असतं. चार दिवस तसंच लिहीत होतो आणि फाडत होतो. खरं सांगतो. ते भोक कशाचं, हे मला माहीत होतं.

पुस्तक हातात धरून मी उंबऱ्यावर उभा असायचो. तुम्ही दोघं एकदम पुढे सरकायचात, एकदम थांबायचात. एकदा मी दोरी धरली, तर अप्पांनी माझा हात सोडवला आणि म्हणाले, तुझ्या हाताला लेखणीच बरी. तू हसलीस. इतक्या वर्षांनी रंधा हातात आला आणि आधी ते भोकच दिसलं. बुजवताना बरं वाटलं, अक्का. त्याचीच लाज वाटते.

काल गिरमिटाने ते मोकळं केलं. कडेची एक कपची उडाली, मला कुठे येतंय हे काम! पॉलिशही घासून काढलं. तू नको म्हणालीस तरी पुढच्या रविवारी रंधा घेऊन मीच येतोय. सोबत सागाची एक फळी आणतो आणि नवी दोरीही. तू अप्पांच्या जागी उभी राहा आणि मागून ढकल. एकदा मला ती दोरी ओढू दे.

रागासकट का होईना, लोभ असू दे.
तुझा,
योगीराज