कापलेल्या कोपऱ्याचं कार्ड

ता. ९ मार्च १९३८, जळगाव
पतपेढीचं कार्ड पुन्हा आलं. या महिन्यातलं चौथं, आणि महिना अजून दहा दिवसांचाही नाही. मला आलं 'म्हातारपणची काठी ठेव'. माझं वय बावीस. हमीदला 'कन्यादान ठेव'. त्याला चार पोरगे. माझ्या शेजारच्या जिनावर, सरकी काढायच्या यंत्रावर, तोच असतो. सरकीच्या धुरळ्यातून ओरडला, "दगड्या, एक पोरगी दे रे उसनी, उरकून टाकतो!"
हसलो. मग सुकदेवच्या नावाचं निघालं. सुकदेव दिवाळीनंतर पट्ट्यात ओढला गेला. आम्हीच त्याला गोळा करून पोत्यात घातला होता. कार्डावर छापलंय, 'आपले बळकट हात हीच आमची ठेव.' मुकादमानं ते मोठ्यानं वाचून दात काढले. मी त्याला गठाणीवर आपटला. अर्धा रोज गेला. जाऊ दे.

ता. १४ मार्च
पेढीवर गेलो, हमीद बरोबर. चिटणीस खुर्चीत. पुढे कार्डांचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. विचारलं, एका कार्डात ही ठेव आखाजीच्या सणापर्यंत म्हणता, दुसऱ्यात संपली म्हणता, खरं कोणतं? म्हणे दोन्ही खरी, दोन वेगळ्या ठेवी. नाव तर एकच! म्हणे खालचं बारीक वाचा.
"ज्याला पोरगी नाही त्याला कन्यादान कशाला?"
"सर्वांना सर्व पाठवतो. कोणाला काहीतरी लागतंच."
"आणि मेलेल्याला?"
त्यावर चष्मा पुसला. म्हणाला, तुम्ही लोक कारखान्यात कार्डं फाडता, विड्या पेटवता, मला ठाऊक आहे. आता गावच्या पत्त्यावर पाठवू. घरची माणसं तरी जपून ठेवतील.
मी म्हटलं गावी नको, आमच्याकडे वाचणारं कोणी नाही. ऐकून घेतलं नाही. दाराशी त्यांचा शिपाई पत्तेच लिहीत बसलेला. बोटं निळी.
हाताला खाज सुटलेली. हमीदनं दंड धरून बाहेर काढलं.

ता. १९ मार्च
कारखान्यात आग. दुपारी रुईच्या ढिगानं पेट घेतला. बादल्या, वाळू, शिव्या. हमीदच्या भुवया गेल्या. मेलं कोणी नाही. पण स्टेशनावर बोलत होते की वीस जण जळाले. बातमी गाडीनं खाली आमच्या गावाकडे, दोंडाईच्यापर्यंत जाणार.
घरी दोन ओळी लिहायला पाहिजेत. उद्या.

ता. २५ मार्च
पेढीचा शिपाई रस्त्यात भेटला. डोक्यावर कार्डांचा गठ्ठा, छापखान्यात चाललेला. अध्यक्ष बदलला. जुन्याचं नाव कार्डाच्या कोपऱ्यात छापलेलं, नवीन छापायला चिटणीस तयार नाही, म्हणून यंत्रावर सगळ्यांचे कोपरे उडवायचे. मी म्हटलं बरं झालं, त्याचं नाकच कापलं. तो हसला नाही. काहीतरी सांगत होता, मी निघालो. घाई कसली होती, आठवत नाही.
पत्र राहिलं.

ता. १२ एप्रिल
कसं लिहू.
सकाळी मुकादम म्हणाला, गेटावर तुझ्या गावाकडचा कोणी रडतोय. गेलो. सुपडू. माझी बायको कमळी, तिचा भाऊ. डोक्याला उपरणं, दाढी वाढलेली, हातात रिकामी पिशवी. मला बघितलं आणि मटकन खाली बसला.
"तू जित्ता शे?"
मी म्हटलं, मग काय झालं मला? तर उठला आणि कानफटात दिली. परत दिली. "मन्ही बहीणना हात फुटी ग्यात रे, आन तू आठे जित्ता फिरस!"
माझी पेटी न्यायला आला होता. काल माझा दहावा झाला.
मग तुटक तुटक सांगितलं. आबांच्या, माझ्या वडलांच्या, दारात पोस्टमन आला. कार्ड लांबूनच टाकलं. जळगावचं, माझ्या नावाचं, कोपरा कापलेलं. तसलं कार्ड मरणाच्या खबरीचंच असतं हे पोरंही जाणतात, कोणी उंबऱ्याच्या आत घेत नाही. त्यात आगीची बातमी आधीच आलेली. कोतवालाला बोलावलं. त्यानं बाहेर उभं राहून अक्षरं जोडत पहिली ओळ वाचली: 'घरातला कर्ता पुरुष गेल्यावर बायकामुलांनी काय करावे?'
पुढचं वाचू दिलंच नाही. रीतीप्रमाणे कार्ड फाडलं. बायकांनी कमळीला धरलं, दगडावर बांगड्या फोडल्या. ती ओढाताण करत होती. मनगट चिरलं.
पुढची ओळ मला पाठ आहे. कारखान्यातही तेच कार्ड आलं होतं, त्यावर विडी विझवली होती मी. 'आमच्या पेढीत यावे.'

ता. १३ एप्रिल
काल संध्याकाळचं. आम्ही तीसएक सभासद पेढीवर गेलो. बोलायलाच, असं हमीद म्हणत होता. चिटणीस उभा राहिला, हात जोडले, म्हणाला गैरसमज झाला. म्हणाला, "छापील कार्ड आहे. यात कोणाच्या मरणाचं कुठे लिहिलंय, दाखवा."
मी कोपरा दाखवला. म्हणाला, पाचशे कार्डं फुकट घालवायची का मग?
शिपाई दारातून बोलला, रडतच, "मी सांगितलं होतं साहेबांना. कोपरा गेलेलं कार्ड लोक घरात घेत नाहीत म्हणून. दोनदा सांगितलं."
दौत हातात कधी आली कळलं नाही. पितळी, भरलेली. कपाळावर बसली. शाई आणि रक्त एकच होऊन खाली आलं, सदरा काळा-तांबडा. तो पडल्यावरही मी थांबलो नाही, खोटं कशाला लिहू. बरगडीत लाथा घातल्या. प्रत्येक लाथेला मला तो बांगड्यांचा दगड दिसत होता. मागे काचा फुटत होत्या. कोणीतरी गठ्ठे रस्त्यावर नेऊन पेटवले. हमीदनं मागून कंबरेला मिठी मारून उचललं नसतं तर मेला असता.
त्याच्या तोंडाला फेस नव्हता, म्हणजे मरणार नव्हता, बरं वाटलं आणि वाईटही.
फौजदाराच्या कोठडीत रात्र. मार खाल्ला. डावी बाजू दुखते.

ता. १४ एप्रिल
कालच हमीद जामीन राहिला म्हणून सुटलो. घर लिहून दिलं त्यानं. कोर्टाची तारीख ९ मे, सोमवार. "गैरहजर राहिलास तर माझ्या पोरांना तुझ्या खोलीत झोपवीन," म्हणाला. चेष्टेत. अर्धी चेष्टा.

ता. १८ एप्रिल, गाव
शिवेवर थांबवलं. आबा पन्नास पावलांवर उभे, पुढे येईनात. मेलेला परत आला की सरळ घरात घेत नाहीत. आधी अंघोळ, मग भटजी, मग बारसं. मला, मिशा आलेल्या बाप्याला, टोपलीत बसवलं. आत्यानं कानात नाव सांगितलं, दगडू. बाया हसल्या. आबांची मान हलत होती, हसत होते की काय ते दिसलं नाही.
आबा एवढंच बोलले, "तुन्हा पिंडले कावळा लगेच शिवी गया व्हता रे."
कमळी नाही. सुपडूनं माहेरी नेली. शिंदखेड्याच्या पलीकडे. नेताना आबांना म्हणाला, आखाजीनंतर बघू, पाठवायची का नाही ते.

ता. २ मे, आखाजी
कमळीच्या माहेरी गेलो. लिंबाला झोके, माहेरवाशिणी गाणी म्हणतायत, सगळ्यांचे हात भरलेले. ती ओट्यावर, मोकळ्या हातांनी. उजव्या मनगटावर खूण, अजून लाल. मी बाजारातून बांगड्या नेल्या होत्या, हिरव्या. पुढे केल्या. बघितल्याही नाहीत.
म्हटलं, ते कार्ड खोटं होतं. मी त्या माणसाला फोडलाय, कोर्टात उभा राहणार आहे.
"खोटं व्हतं, माले ठाव शे."
"मंग?"
"आठ महिनामा तुन्हा नावनं तेच एक कारड उनं. पटी गयं माले."
मूठ आवळली गेली, बांगड्या मुठीतच होत्या. सगळ्या फुटल्या. रक्त धोतरावर. तिनं तांब्या आणून पुढे ठेवला. हात लावला नाही. म्हणाली, "आते दोन्ही सारखा व्हयनूत."
सुपडू दारात कुऱ्हाड घेऊन उभा. लाकडं फोडायची म्हणून. लाकडं नव्हती.
निघताना तीच मागून बोलली. "कारड धाड. तुन्हा हातनं. चारी कोपरा सगळा पाहिजेत. मास्तर वाची दाखाडी. सोमवारनी डाकले नही उनं त काडीमोड लिखी दे."
त्या गावात डाक सोमवारचीच येते. आज सोमवार. म्हणजे ९ तारीख.

ता. ५ मे, जळगाव
तीन पैशांची तीन कार्डं नासली. मराठी तिसरीचं अक्षर. पहिल्यात शिव्याच आल्या चिटणिसाला. दुसऱ्यात माफी, ती खोटी वाटली. तिसऱ्यावर हाताची जखम उघडून थेंब पडला. चौथ्यावर लिहिलं: मी जिवंत आहे. मजजवळ कामाशिवाय काही नाही. दर पंधरवड्याला लिहीन. बांगड्या भर. दगडू.
हमीद बाजारातून पुडीत कुंकू घेऊन आला. "तुमच्यात चांगल्या खबरीला लावतात ना? लाव, चारही कोपऱ्यांना." लावलं. टपालपेटीत टाकलं.

ता. ८ मे, सकाळ
शिपाई खोलीवर आला. बसेना. पेढी परत उघडली, चिटणीस डोक्याला पट्टी बांधून येतो. मग खरं ते सांगितलं.
सुपडू त्या दिवशी गेटावर यायच्या आधी पेढीवर गेला होता. फाडलेल्या कार्डाच्या तुकड्यावर पेढीचं नाव होतं, म्हणून. माझ्या मरणाचं विचारायला! चिटणिसानं काहीएक न बघता वहीत माझ्या नावापुढे 'मयत' लिहिलं. वारस म्हणून कमळीचं नाव, माहेरचा पत्ता. ते तसंच आहे. खोडलं नाही कोणी, गठ्ठे जळत होते तेव्हा वही कपाटात होती.
मयतांच्या वारसांना नवीन कार्ड निघालंय. शुक्रवारी टाकलं.
मी विचारलं, कोपरा?
"कापलाय. या वेळी मुद्दाम. साहेब म्हणाले, मेलेल्या माणसाच्या घरी जातंय, लोकांच्या रीतीप्रमाणे जाऊ दे."
इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कार्ड नीट बघून, ज्याचं त्यालाच पाठवलं.
शिपाई गेल्यावर भिंतीवर डोकं आपटलं. दोनदा.
उद्या एकाच थैलीतून दोन्ही निघणार. माझं आधी की त्यांचं, ते पोस्टमनच्या हातात. तो कापलेलं आधी बघेल. कापलेलं सगळ्यात आधी दिसतं. तिच्या नावाचं, जळगावचं. ते पडलं की मास्तरापर्यंत दुसरं पोचतंय कशाला. ती आपल्या मोकळ्या हातांकडे बघेल आणि या वेळी कोणी धरायलाही लागणार नाही.

तीच तारीख, दुपार, स्टेशन
दोनची गाडी. तिनं गेलो तर पहाटेपर्यंत चालून तिच्या गावी, पोस्टमनच्या आधी. परत यायला उद्याची संध्याकाळ. कोर्टाची हाक सकाळी अकराला. नाही गेलो तर वॉरंट, आणि हमीदचं घर.
त्याला सांगितलं नव्हतं. तरी आलाय. समोरच्या बाकावर बसलाय, गुडघ्यावर माझं गाठोडं. जा म्हणत नाही, थांब म्हणत नाही. भुवया अजून पुऱ्या आल्या नाहीत, म्हणून तोंडावरून काही कळत नाही.
मी म्हटलं, हमीद, शिवी तरी दे.
म्हणाला, "तिकीट काढलंस का ते सांग."
काढलंय. मुठीत आहे. फलाटाला गाडी लागतेय, सिग्नल पडला