काटकोनातली खुर्ची

५ फेब्रुवारी

चि. ठकूस दादाचे अ. आ.

वि. वि. तुझ्या समुपदेशनाच्या खोलीसाठी केलेल्या दोन्ही खुर्च्या गाडीने पाठवल्या आहेत. पाठ बैठकीशी अगदी काटकोनात आहे. गुण्या लावून बघ, केसाचा फरक निघणार नाही. माणूस ताठ बसला की मुद्द्यावर येतो. खुर्च्या समोरासमोर ठेव, म्हणजे कोणाला नजर चुकवता येणार नाही. सुतारकाम मला कोणी शिकवलं नाही, तसंच माणसं ओळखणंही. निम्मं गाव सल्ल्यासाठी माझ्या वर्कशॉपमध्येच येतं, तेही फुकट.

दुसरं, मनीबद्दल. होस्टेल सोडून सगळ्या सामानासकट घरी आली, त्याला महिना होत आला. का आली, सांगत नाही. जेवायला हाक मारली की येते, ताटाकडे बघते, उठून जाते. तुझी वहिनी डोळे पुसते. पोरीला तुझ्याकडे पाठवतो. तिच्या पोटातलं काढून घे आणि मला कळव, पुढचं मी बघतो.

तुझा,
दादा

१३ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न.

खुर्च्या इतक्या देखण्या आहेत की खालचा चष्मेवाला वर येऊन हात फिरवून गेला. पण रागावू नकोस, त्यांत बसून बोलवत नाही. माझ्याकडे येणाऱ्यांचं मी काही सांगणार नाही, पण मी स्वतः बसून पाहिलं. नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखं वाटलं. पाठ जरा मागे कलती हवी. आणि मी त्या तिरक्या ठेवल्यात. रडू आलं तर माणसाला खिडकीकडे बघता आलं पाहिजे.

मनीला मी घेऊ शकत नाही, दादा. घरच्या माणसांचं समुपदेशन आम्ही करत नाही. मी तिची आत्या, तिला मांडीवर खेळवलेली. मी तटस्थ कशी राहणार? एका चांगल्या बाईंचा पत्ता सोबत देते. जायचं की नाही ते मनीने ठरवायचं. ती काय बोलली ते त्याही तुला सांगणार नाहीत. जिवाला धोका असला तरच घरच्यांना कळवायचं, नाहीतर नाही. आणि सल्ला देणं हे आमचं काम नव्हे. माणसाला आपलं आपल्याला सुचेपर्यंत सोबत बसायचं.

तुझी,
ठकू

१९ फेब्रुवारी

चि. ठकूस आ.

सल्ला द्यायचा नाही, घरच्यांना घ्यायचं नाही, बापाला सांगायचं नाही! मग एवढं शिकून करता तरी काय? मी गिऱ्हाइकाला म्हटलं, टेबल कसं हवं ते तुझं तुला सुचू दे, मी सोबत बसतो, तर तो मला वेड्यात काढेल.

काल मनीला समोर बसवलं आणि नीट क्रमाने विचारलं. का आलीस, का बोलत नाहीस, का जेवत नाहीस. ती उठली आणि दार लावून घेतलं. ठकू, रंधा मारताना नजर त्या बंद दाराकडेच जाते. माझ्या हातून एवढ्यात दोन फळ्या वाया गेल्या. असं कधी झालं नव्हतं.

पत्ता तुझ्या वहिनीने मनीच्या उशाशी ठेवलाय. खुर्ची परत पाठव, एकच. काटकोन चुकलेला नाही, तरी बघतो.

दादा

२४ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

खुर्ची पाठवली. फोन मुद्दामच केला नाही. पत्रात तू मला मध्येच तोडू शकत नाहीस.

‘का’ विचारू नकोस. ‘का’ म्हटलं की माणूस आरोपी होतो. आणि गप्प बसवत नसेल तर हाताला काम दे. तुझे हात चालू असले की तोंड बंद असतं, असं आई म्हणायची.

मला भीती वाटत नाही असं समजू नकोस. मीही तिची आत्याच आहे.

ठकू

८ मार्च

चि. ठकूस अ. आ.

वि. वि. खुर्ची झाली. काटकोन बरोबरच होता. माणसं काटकोनात बसत नाहीत, त्याला मी काय करू?

कोन किती द्यायचा कळेना, म्हणून मनीला म्हटलं, जरा बसून सांग, पाठीला कुठे टोचतं. बसली. मग म्हणाली, अजून थोडी मागे घ्या, बाबा. एवढ्या दिवसांनी आवाज ऐकला, माझी पटाशीच थांबली. पाठ तिने सांगितली तेवढी मागे घेतली. मोजली नाही.

मग मी शेजारच्या बुटक्या स्टुलावर बसून खुर्चीचा हात घासायला घेतला. ती दाराबाहेर बघत बोलायला लागली. सल्ला जिभेवर आला की मी पॉलिश पेपर जोरात ओढायचो. बरंच बोलली, रडली, परत बोलली. शेवटी म्हणाली, त्या बाईंकडे जाते, पण तुम्ही दारापर्यंतच यायचं. काल गेलो. दारापर्यंतच.

वहिनीने विचारलं, काय म्हणाली? तूही विचारशील. विचारू नकोस, सांगणार नाही. जिवाला धोका नाही, एवढंच कळवतो. आज तिने पोळी मागून घेतली.

खुर्चीचा डावा हात उजव्यापेक्षा बराच बारीक झालाय. तसाच पाठवतोय. गुण्या लावू नकोस.

लोभ आहे तसाच राहू दे, थोडा तिरका असला तरी.

तुझा,
दादा