थांब म्हटल्याशिवाय पाते पालटू नये

मी, चंपतराव सखारामजी मांडवकर, वय ७६, धंदा सुऱ्या-कात्र्या घडवणे व त्यांना धार लावणे, राहणार जुनी मंगळवारी, नागपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात कापतो, त्याबद्दल दाखल्यात काही नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव आणण्याइतके जवळ आता कोणी राहतही नाही.

१. माझे राहते घर मुलगा सुशील याला. पत्नी प्रेमिला हयात असती तर तिलाच दिले असते, कारण ते तिच्याच हट्टाने उभे राहिले. सुशीलने विकले तरी माझी हरकत नाही. मात्र विकण्यापूर्वी त्याने एकदा येऊन चार दिवस राहावे. ही अट समजा, नाहीतर विनंती समजा.

२. बँकेत जे काही निघेल ते दोन्ही मुलांना निम्मे निम्मे.

३. धार लावायचा काळा दगड माझे मेहुणे वामनराव यांनी २००३ साली दोन दिवसांसाठी म्हणून नेला. तो माझ्या मालकीचा आहे, हे येथे नमूद करतो. माझ्या तेरवीला येताना त्यांनी तो सोबत आणावा. न आणल्यास त्यांना जेवू घालावे, पण बुंदी वाढू नये.

४. सगळी अवजारे मुलगी दामिनी हिला. सुशीलला देऊन उपयोग नाही. सुरी हातात धरावी लागू नये म्हणून तो आंबासुद्धा चोखूनच खातो.

अवजारांत एक सागाची फळी आहे. तिच्यात मी पात्याच्या आकाराची खाच कोरली आहे. पाते तिच्यात सपाट निजवावे, म्हणजे धारेची कड लाकडाआड जाते. मुठीच्या भोकांतून दोन स्क्रू आवळावेत. पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून मुठीकडून टोकाकडे, लांबीने घासावा. आडवा, धारेच्या दिशेने, कधीही नाही. दुसऱ्या बाजूसाठी फळीच्या पाठीवर उलटी खाच आहे. आधी ठोकळा खाली ठेवावा, मगच स्क्रू सोडावेत. एवढे पाळले तर आंधळ्यालाही इजा होणार नाही.

ही फळी मी २०१४ नंतर केली. त्याआधी आमच्या घरी फळी नव्हती, माणसे होती. एकाने पाते पाटावर दाबून धरायचे, दुसऱ्याने घासायचे. घासणाऱ्याने "थांब" म्हणून कागद उचलायचा, त्यानंतरच धरणाऱ्याने पाते पालटायचे. प्रेमिलाने तीस वर्षे धरले, तिच्या बोटाला ओरखडाही आला नाही. ती गेल्यावर दामिनी धरायला बसू लागली.

५. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते व त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत, म्हणून आमचे सगळे अष्टमीलाच उरकायचे असते. २०१४ च्या अष्टमीला गांधीबागेतल्या कापडवाल्यांच्या कात्र्या संपवून आम्ही घरचा मोठा सुरा घेतला. मी घासत असताना पाते धरून बसलेली दामिनी म्हणाली, "बाबा, मले रायपूरच्या शाळेत नोकरी लागली. मी हो म्हणून दिलं."

"मले इचारलं?"

"इचारलं असतं तर जाऊ दिलं असतं का तुम्ही?"

 तिची बोटे पात्यावर असताना मी सुरा हिसकून पालटला. थांब म्हटले नाही.

धंतोलीच्या दवाखान्यात टाके पडले. आतली शीर तुटली होती. उजव्या हाताचे पहिले बोट आजही वाकत नाही. तिथे बाकावर, चार लोकांसमोर, मीच तिला म्हणालो, "तुयं ध्यान कुठं होतं वं?" ती म्हणाली, "चुकलं बाबा." अकरा वर्षे ती तेच खरे मानून बसली आहे. मागे सुशीलने तिचा वर्गातला फोटो दाखवला. खडू तिने मधल्या दोन बोटांत धरला होता. मी चष्मा पुसायचे निमित्त केले.

तरी मी पूर्ण शुद्धीत लिहून देतो की चूक दामिनीची नव्हती. चूक माझी होती, आणि ती मला त्याच क्षणी कळली होती.

६. तो सुरा मी त्यानंतर घासलेला नाही. त्याला गंज चढला आहे. तो मी जिवंत असतानाच दामिनीच्या हातून घासला जावा. हे वाचून शेजारचा संघपाल म्हणाला, "काका, मेल्यावरच्या कागदात जितेपणीचं कलम नाही बसत."

मी म्हटले, "काहून नाही बसत? तूच नेऊन दे हा कागद तिले रायपूरले."

तो तयार झाला आहे. म्हणून पाचवे व सहावे कलम माझ्या मरणाची वाट न पाहता अमलात यावे.

दामिनी, तुझा दर रविवारी फोन येतो. "गोळ्या घेऊन राहिले ना?" एवढे विचारतेस, आणि मी हो म्हणून ठेवून देतो. दर वेळी हे सांगायचे असते. मला तुझी फार आठवण येते, बाई. अष्टमी ३० सप्टेंबरला आहे. ये. फळी त्या दिवशी भिंतीला टेकवून ठेवू. घासायचे तू, थांबही तूच म्हणायचे. या वेळी पाते मी धरतो.

सही वाकडी आली आहे, पण माझीच आहे.

(सही) चंपतराव सखारामजी मांडवकर

आमच्यासमक्ष सही केली:
१. संघपाल गजभिये, शेजारी
२. डॉ. अस्मिता देशकर

नागपूर, दिनांक ८ सप्टेंबर २०२५