आश्रमातला गुरुवारचा ग्रुप

९ नोव्हेंबर १९९४
उद्या उत्तनच्या वृद्धाश्रमात माझा पहिला ग्रुप, म्हणजे मन मोकळं करायची बैठक. बारा आजी-आजोबा, गोलात मांडलेल्या खुर्च्या आणि मी, प्रशिक्षित समाजसेवक. दोन आठवड्यांनी ट्रस्टची कमिटी बघायला येणार. ग्रुप बोलला तर नोकरी पक्की. नाहीतर हाटकेशला मामाच्या बटणांच्या युनिटमध्ये पॅकिंग. भीती अजिबात नाही. पोट बिघडलंय ते दिवाळीच्या उरलेल्या चिवड्याने.

१० नोव्हें.
कोणी बोललं नाही. मीही नाही. सगळे टक लावून माझ्याकडे बघत होते. तात्याराव, गिरणीतले जुने जॉबर, म्हणजे मुकादम, काठी आपटत होते. वीस मिनिटं शांतता. शांततेलाही अर्थ असतो, असं आमच्या सरांनी शिकवलंय. मग पाणी प्यायला म्हणून उठलो तो थेट भाईंदरच्या बसमध्ये. नियमाने बघितलं तर ग्रुप मी संपवलेला नाही.

१४ नोव्हें.
निश्चय: तात्यारावांच्या डोळ्याला डोळा भिडवायचा. सुरुवात म्हणून आज आश्रमात चहाच्या वेळी काठीकडे बघितलं. छातीत धडधडलं. चहा कडक होता.

१७ नोव्हें., संध्याकाळी
चमत्कार! मी बसतोय न बसतोय तोच सगळे बोलायला लागले. तेही आपापल्या भीतीबद्दल! पहिल्या पाळीला मशीनच्या आवाजाने तात्याराव संडासात लपले होते म्हणे. पाली गावच्या कोळीण चंपामावशी म्हणाल्या, माना पन दर्याचा भ्या वाटायचा, आता न्हाय वाटत. बोलताना माझा हात घट्ट धरून बसल्या होत्या. बिचाऱ्यांना आधार लागतो. काय टेक्निक आहे माझं!

२३ नोव्हें.
उद्या कमिटी. सकाळपासून तीनदा आंघोळ, घाम थांबत नाही. हवाच दमट. ग्रुप मात्र माझ्या मुठीत.

२४ नोव्हें.
ग्रुप झकास बोलला. शेवटी कमिटीच्या बाईंनी तात्यारावांना विचारलं, ग्रुपचा फायदा काय झाला?

तात्याराव उभे राहिले. म्हणाले, बाई, लई फायदा. पहिल्या गुरुवारी हे पोरगं पळालं. आश्रमाच्या मेट्रनबाई म्हणाल्या, नवीन आहे, सांभाळून घ्या. मग आम्ही ठरवलं, प्रत्येकाने आपली भीती सांगायची, चंपाबाईने त्याचा हात धरायचा. आता निदान टिकून बसतंय. अजून दोन महिने द्या, माणसात येईल.

मावशींनी तेव्हाही माझा हात धरलेला होता.

कमिटीने दोन महिने दिले. ग्रुप तात्याराव चालवणार.

भीती वाटतेय. खूप वाटतेय. येत्या गुरुवारी बोलायची पाळी माझी आहे.