तुमच्या कानांच्या मापाचे स्पीकर

बाबा,

आधी जे घडलं ते क्रमाने लिहिते. यात माझं मत नाही.

१. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही नवीन पनवेलच्या घरात दोन स्पीकर बांधलेत. प्रत्येकात एकच बारा इंची फुल-रेंज. म्हणजे खर्जापासून टिपेपर्यंतचा सगळा आवाज एकाच कागदी कोनातून.

२. मी कॉलेजातून मोजणीचा माइक आणून ते मोजले. साडेतीन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज आठ डेसिबलने वर उठत होता.

३. एका रविवारी सकाळी मी तो आलेख तुम्हाला दाखवला. तुमचे तीन मित्र समोर होते. तुम्ही मला म्हणालात, दोष तुझ्या कानांत आहे.

४. त्याच आठवड्यात तुम्ही मला कानाच्या डॉक्टरकडे नेलंत. माझे कान निर्दोष निघाले.

५. पाच महिन्यांनी तुम्ही गेलात. त्याला अकरा वर्षं झाली.

६. गेल्या महिन्यात, आईचं घर हलवायची तयारी सुरू असताना, लोखंडी कपाटात तुमची कारखान्यातली फाइल सापडली. तिच्यात तुमच्या कानांच्या तपासणीचे तीन कागद आहेत. तिन्हींवर तुमची सही आहे. तिन्ही त्या रविवारच्या आधीचे आहेत.

एवढंच. यापुढचं मत आहे, आणि ते चांगलं नाही.

सुतारकाम उत्तम होतं, हे मान्य. एकोणीस मिलिमीटरचा प्लायवूड, आत आडव्या पट्ट्या, कोपऱ्यात कुठे केसाएवढीही फट नाही. छातीएवढ्या उंचीची ती दोन खोकी हॉलमध्ये उभी राहिली तेव्हा सोफा सरकवावा लागला, गॅलरीचं दार अर्धंच उघडायला लागलं आणि माझं पुस्तकांचं कपाट पॅसेजमध्ये गेलं. कोणी तक्रार केली नाही. तुमचं एक तत्त्व होतं: अँप्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये काहीही नको. कॉइल नको, कपॅसिटर नको, आवाजाचे वाटे करणारं काही नको. "माणसाला दोन तोंडं असतात का?" असं तुम्ही विचारायचात आणि स्वतःच हसायचात. मोठ्या कोनाच्या मध्यभागी वरच्या सुरांसाठी चिकटवलेला छोटा कागदी कोन असतो. तो त्या पट्ट्यात ओरडतो. हे त्या जातीच्या स्पीकरचं माहीत असलेलं वैगुण्य आहे, तुमची चूक नव्हे. त्यावर साधा उपाय आहे: एक कॉइल, एक कपॅसिटर, एक रेझिस्टर, तिन्ही समांतर जोडून स्पीकरच्या वाटेत बसवायचे. उंचवटा खाली बसतो. वीस मिनिटांचं काम.

तुम्ही ते करणार नव्हता, कारण तुम्हाला उंचवटा ऐकूच येत नव्हता. तुम्ही दर रविवारी मागची फळी उघडायचात, आत भरलेला रजईतला कापूस थोडा काढायचात, थोडा भरायचात, पुन्हा स्क्रू आवळायचात. दहा वाजता मित्र यायचे. तिघेही तुमच्याच प्रेस शॉपमधले. पत्र्यावर साचा आदळणाऱ्या मशीनवर तुमच्याबरोबर वीस-वीस वर्षं काढलेले. चहा, खारी, आणि मग सीडीवरच्या गायिकेचं गाणं. तुम्ही एकेकाच्या तोंडाकडे बघायचात. वरच्या सुराला तिघांच्याही माना एकदम डोलायच्या. त्यांतले ओवे गावचे, म्हणून आमचे ओव्याचे काका, म्हणायचे, "वा! लोनी हाय लोनी." त्याच वेळी आई स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. ही तुमची तिसरी जोडी होती, आणि आधीच्या दोन्हींच्या वेळीही तिनं एकच सांगितलं होतं: "बाई वर गेली की माझे दात शिवशिवतात." तुम्ही मित्रांना सांगायचात, हिला गाण्यातलं काही कळत नाही. ती दाराआड भांडी घासते आहे, आणि तुम्ही तिला ऐकू जाईल अशा आवाजात हे सांगताय, हे मला अजून दिसतं.

आता तो रविवार. मी आलेख छापून आणला आहे. तुम्ही तो हातात घेता, उलटा धरता, सुलटा करता. मी बोटाने उंचवटा दाखवते. आईला त्रास होतो तो इथेच, मलाही होतो, असं म्हणते. एकोणीस वर्षांची आहे, आकडे पाठ आहेत. तुम्ही कागद काकांकडे देता.

"काय दिसतं?"

"डोंगर हाय," काका म्हणतात. "कर्नाळा."

सगळे हसतात. मग तुम्ही म्हणता, "आम्ही चौघं ऐकतोय, चौघांना गोड लागतंय. ही एकटी मोजतेय. चौघांचे कान चुकीचे आणि हिचा कागद बरोबर?"

"कागदाला कान नसतात बाबा. म्हणूनच मोजायचं."

"मग तुझ्याच कानात काहीतरी आहे. दाखवून घेऊ."

मला वाटलं, बोलायचं म्हणून बोललात. पण बुधवारी तुम्ही रजा टाकून मला जुन्या पनवेलला घेऊन गेलात. काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावले. शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं. बाहेर तुम्ही खुर्चीत बसला होतात आणि काचेतून माझ्याकडे बघत होतात. डॉक्टरांनी कागद दिला, म्हणाले, फारच छान कान आहेत. रिक्षात तुम्ही तो कागद पाहिलात, चार घड्या घातल्यात आणि म्हणालात, "मशीन आहे. चुकतंही." पुढे पाच महिने आपण या विषयावर बोललो नाही. आणि मग बोलायला तुम्ही उरला नाहीत.

याचा परिणाम काय झाला तेही नोंदवते, कारण तुम्ही तो पाहिला नाही. शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी आवाजावर करणार होते. तो बदलून पंपाच्या कंपनांवर घेतला. आज मी कारखान्यांत जाऊन मशीनची कंपनं मोजते. सेन्सर बेअरिंगवर बसवायचा, आकडा वाचायचा. ऐकावं लागत नाही. आवाजाच्या मोजणीचं काम आलं की मी ते सहकाऱ्याला देते. तो कारण विचारतो, मी वेळ नाही म्हणते. खरं कारण असं की मशीनचा आवाज वेगळा वाटला तर माझ्या मनात पहिला विचार येतो, माझ्याच कानात काहीतरी आहे. निर्दोष असल्याचा रिपोर्ट माझ्याकडे आहे. मी त्यावर विश्वास ठेवू शकले नाही, कारण तुम्ही ठेवला नाहीत.

घर सोडायचं ठरलं. आई माझ्याकडे करंजाड्याला येणार. हे कळल्यावर ओव्याचे काका आले. त्यांना स्पीकर हवे होते, तुमची आठवण म्हणून. मी त्यावरची चादर काढली, अँप्लिफायर जोडला, तुमचीच सीडी लावली. काकांच्या कानात आता यंत्र आहे. बाई वरच्या सुरावर गेली आणि काका खुर्चीतून उठलेच.

"बंद कर गो, बंद कर! कानान खिला ठोकतंय कोन!"

"काका, हे तेच आहेत. कोणी हात लावलेला नाही."

"नाय गो. तुज्या बापसाचं गोड वाजायचं."

मग त्यांनी काय मनात आणलं कोण जाणे, यंत्र काढलं, खिशात ठेवलं आणि बोटाने खूण केली. मी पुन्हा तेच लावलं. मान डोलायला लागली. "हां! ह्योच, ह्योच त्याचा आवाज." गाणं संपल्यावर त्यांनी यंत्र परत घातलं. म्हणाले, "आमचे सगल्यांचे कान गेलेले हाय पोरी. प्रेसनं खाल्ले. वर्साला गाडी यायची तपासाला, सही घ्यायची, जायची. तुज्या बापसाचा कागद बग. माज्याहून वाईट असंल." शेवटचं वाक्य त्यांनी थोड्या अभिमानाने म्हटलं.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे मला कळत होतं?"

काकांना गेटपर्यंत सोडून मी वर आले आणि कपाट उघडलं. कागद सापडले. आवाजाने गेलेल्या कानाचा आलेख कसा असतो ते मला माहीत आहे. सगळीकडे सरळ, आणि चार हजारांपाशी खड्डा. तुमचा खड्डा पंचेचाळीस डेसिबलचा आहे, दोन्ही कानांचा. स्पीकरचा डोंगर जिथे, तुमचा खड्डा तिथे. प्रेसने तुमच्या चौघांच्या कानांत एकाच जागी खड्डा पाडला, आणि तुम्ही एकमेकांच्या माना बघून स्पीकर जुळवलेत. मोजणीत याहून वाईट चूक मी पाहिलेली नाही. पंच चार, पण कान एकच.

इथपर्यंत मी तुम्हाला माफ करू शकले असते. अज्ञान हा गुन्हा नाही. पण त्या फाइलमध्ये चौथा कागद आहे, माझा आलेख. आणि त्यावर, उंचवट्याभोवती, सुतारकामाच्या जाड लाल पेन्सिलीने गोल केलेला आहे. तसाच गोल तुमच्या शेवटच्या तपासणीच्या कागदावर, चार हजारांपाशी आहे. म्हणजे तुम्ही दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहिलेत. तुम्हाला कळलं. तुम्ही आलेख जपून ठेवलात म्हणून मी विरघळावं, असं आई म्हणते. मला उलट वाटतं. ज्याला कळलंच नाही असा माणूस एक वेळ परवडतो. तुम्हाला कळलं, आणि तुम्ही स्वयंपाकघराचं दार उघडून आईला एक वाक्य बोलला नाहीत. मला बोलला नाहीत. मी तुमच्यासमोर बसून कंपनांच्या प्रोजेक्टचा अर्ज भरत होते.

प्रश्न फक्त कधी, हा आहे. पेन्सिलीच्या खुणेवर तारीख नसते. तुम्ही ते गोल रविवारनंतर लगेच केले असतील, म्हणजे मला काचेच्या खोलीत बसवलंत तेव्हा तुम्हाला माहीत होतं. किंवा माझा निर्दोष रिपोर्ट पाहिल्यावर केले असतील. किंवा शेवटच्या आठवड्यात, आणि बोलायचं राहून गेलं असेल. पहिल्याला मी क्रूरपणा म्हणेन, दुसऱ्याला भित्रेपणा. तिसऱ्याला काय म्हणायचं ते मी ठरवलेलं नाही.

एक प्रयोग केला तोही सांगते. तुमच्या आलेखाप्रमाणे संगणकावर फिल्टर तयार केला आणि तीच सीडी त्यातून तुमच्या स्पीकरवर ऐकली. हे अचूक नाही. कानातली तूट हलक्या आवाजाला जास्त आणि मोठ्याला कमी असते, त्यामुळे मी आठ-दहा डेसिबलच धरले. पण साधारण कल्पना येते. बाईचा आवाज मधोमध, हातभर अंतरावर, जिवंत. तंबोऱ्याची तार सुटी ऐकू येते. कुठेही चरा नाही. तो स्पीकर फार सुंदर वाजत होता, बाबा. मी पूर्ण सीडी ऐकली. याने तुमच्यावरचा आरोप कमी होत नाही.

आता व्यवहाराचं. काकांना स्पीकर जसेच्या तसे हवे आहेत. "दुरुस्त नको करू गो, मी यंत्र काढून ऐकंन." आईला ते करंजाड्याला हवे आहेत, तो तीन भागांचा फिल्टर बसवून. ती म्हणाली, "एकदा समोर बसून ऐकू दे मला. बघू तरी इतकी वर्षं काय वाजत होतं." दोघांपैकी कोणाचं ऐकायचं याबद्दल मला शंका नाही. आईचं. काकांनाही मी फोन करून तसं सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर हाय. तिचा हक्क पयला." कॉइल, कपॅसिटर, रेझिस्टर, दोन्ही बाजूंचे सुटे भाग आणून महिना होत आला. सोल्डर करून पट्टीवर बसवलेले, टेबलावर तयार आहेत. मागच्या फळीचे आठ स्क्रू काढायचे आणि दोन तारा जोडायच्या. आई रोज विचारते, आज बसवतेस का. मी रोज वेळ नाही म्हणते.

वेळ आहे. फिल्टर बसला की मी बरोबर होते हे सिद्ध होईल, आणि मला ते आलेखाने सिद्ध झालेलं नको आहे. तुम्ही म्हणायला हवं आहे. एकोणीस वर्षांची असताना हवं होतं, अजूनही हवं आहे, आणि हे लिहिताना मला स्वतःची चीड येते.

पाकिटावर लिहायला पत्ता नाही, त्यामुळे हा कागद टेबलावरच राहील. तरी रीतसर विचारते. सामान न्यायला टेम्पो रविवारी सकाळी येणार आहे. ते लाल गोल तुम्ही कधी केलेत, तेवढंच शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवावं.