होडी किनाऱ्याला लागेपर्यंत

दादा, आठवतं ना? तू थिएटरात मशीन चालवायचास आणि मध्यंतरात मी ऑपरेटरच्या खोलीत तुझा चहा घेऊन यायची. तू अर्धा बशीत ओतून मला द्यायचास आणि घंटा झाली की म्हणायचास, "पळ आता, आई खाली एकटी आहे."

मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, असे वकीलबाई म्हणतात. त्यांच्या समाधानासाठी लिहिते: मी, खाली सही करणारी, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, हे कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीवर लिहून ठेवत आहे. अक्षर हलले आहे ते वयाने नव्हे, धक्क्याने. जुन्या गाण्यांचा आणि चित्रपटांचा सगळा संग्रह थोरल्या भावाला, म्हणजे दादाला, देणारे माझे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

कारण नोंदवते. होडीच्या त्या कृष्णधवल चित्रपटावर मी आयुष्यभर बोलले, एक पुस्तकही लिहिले. नायिका धक्क्यावर नायकाची वाट पाहते, होडी किनाऱ्याला लागते, दिवे लागतात. चित्रपटाची प्रत हरवलेली होती, म्हणून माझी आठवण हाच पुरावा ठरला. "तो काळ कोणाला रिकाम्या हाताने घरी पाठवत नसे," हे माझे वाक्य लोक आजही भाषणांत वापरतात.

गेल्या महिन्यात प्रत सापडली. फिल्म क्लबात प्रास्ताविक मीच केले आणि तेच वाक्य म्हणून ऐटीत खाली बसले. होडी लागली. आणि चित्रपट पुढे चालूच राहिला! होडीतून भलतीच माणसे उतरली. तो आलाच नाही. गाठोडे उचलून ती एकटी चालू लागली. संगीत नाही, नुसते वल्ह्यांचे पाणी. मागून क्लबचे अध्यक्ष पुटपुटले, "बाई, ही तर रिकाम्या हातानेच निघाली!"

तशीच दादाकडे गेले.

"दादा, तो येतच नाही!"

"ठाऊक आहे."

"मग आपल्या थिएटरात होडीवरच कसा संपायचा?"

"होडी लागली की मशीनचा दिवा बंद करून हॉलचे लावायचो. आई असायची ना खाली."

आमचे बाबा बोटीवर कामाला गेले ते परतलेच नाहीत. तो चित्रपट होता तोवर आईने एक रविवार चुकवला नाही.

"अरे, पण मला तरी सांगायचंस!"

"तू तिच्याच शेजारी बसायचीस, वेडे. नंतर पुस्तक लिहून बसलीस. मग कोणत्या तोंडाने सांगू?"

अजून मी त्याच्याशी धड बोललेले नाही. असो. व्यवस्था पुढीलप्रमाणे.

राहते घर भाचीला. तिच्या वडिलांना, म्हणजे दादाला, तळमजल्याची खोली हयातभर. त्याच्या गुडघ्यांना जिना झेपत नाही.

गाण्यांच्या तबकड्या माझ्या कॉन्व्हेंट शाळेच्या संगीतवर्गाला. मुलींना सांगावे की तबकडीची बाजू तीन-साडेतीन मिनिटांत संपे, म्हणून जुन्या गाण्यांत पाल्हाळ नाही. थोडक्यात रडावे, थोडक्यात हसावे. चरा पडलेली एक तबकडी मात्र अध्यक्षांना. चरा त्यांनीच पाडला. तिच्यावर सुई एकाच ओळीत अडते. त्यांना घरच्यासारखे वाटेल.

शाळेत संगीत शिकवणाऱ्या सिस्टरनी दिलेला, टकटक करत लय धरणारा मेट्रोनोम भाचीला. तिला सगळ्याचीच घाई असते.

पुस्तकाच्या उरलेल्या प्रतींत "शेवटचे प्रकरण चुकीचे आहे" असा कागद चिकटवावा. कारण छापू नये. चूक लेखिकेची समजावी.

राहता राहिला दादा. त्याला काही द्यायचे नाही, असे ठरवून मी लिहायला बसले होते. पण एक गोष्ट डोळ्यांसमोरून हलेना: त्या प्रत्येक रविवारी घरी आल्यावर आई कुलूप उघडताना गुणगुणायची. एरवी कधीच नाही. म्हणून ग्रामोफोन आणि होडीचे पोस्टर दादाला.

माझ्या शोकसभेत भाषणे नकोत. तो चित्रपट दाखवावा, अगदी शेवटपर्यंत. परंतु दादा समोर बसलेला असल्यास, होडी किनाऱ्याला लागताच मशीनचा दिवा बंद करून हॉलचे दिवे लावावेत. हे काम भाचीने स्वतः करावे, आणि त्याला काही सांगू नये.

लिहून ठेवणार: (सही)
साक्षीदार: शेजारच्या दातांच्या डॉक्टर (सही)
साक्षीदार: फिल्म क्लबचे खजिनदार (सही)
स्थळ: माझी तबकड्यांची खोली
दिनांक: आजचा, रविवार