पंप माझ्या खिशात आहे

अगं,

रात्रपाळी करून आलीस म्हणून उठवलं नाही. ठमीला घेऊन मागच्या मैदानावर गेलोय. तिचा पंप माझ्या खिशात आहे. जिना उतरेपर्यंत मी तो चारदा चाचपणारच आहे, तेव्हा तू काळजी करू नकोस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दमा आटोक्यात आहे, पोरीला रोज पळू-खेळू द्या. आपण दोघांनी शहाण्यासारख्या माना डोलावल्या आणि तिला घरी आणून सोफ्यावर बसवलं. आज सकाळी बघतो तर तिनं सगळ्या बाहुल्या भिंतीला टेकवून चादरीत गुंडाळल्यात आणि त्यांना दटावतेय, "पळायचं नाही हं, धाप लागेल!" आवाज हुबेहूब तुझा, उगारलेलं बोट माझं.

म्हटलं, "चल, पळायला जाऊ." तर म्हणते, "बाबा, आईला विचारलंस का?"

मी बाकावर बसून राहणार आहे, तिच्यामागे धावणार नाही. निदान ठरवलंय तरी तसं. धाप थोडी लागेलच. पळणाऱ्या सगळ्याच पोरांना लागते, असं मी स्वतःला बजावतोय.

जाग आली तर ये, पण लांबूनच बघ. फोन मुद्दाम घरी ठेवलाय. तुझा घाबरलेला आवाज ऐकला, तर मी तिला उचलून घरी आणीन.